सुखी घर

जयसिंगरावांनी ‘एकाकी’वर क्लिक केलं आणि अख्खं घर निळं झालं.

पाठोपाठ अंगणात धुकं शिरलं, झाडाची पानं गळाली, माडीवरची एकुलती एक खिडकी मिणमिणायला लागली. युरोपातल्या ज्या कंपनीचा हा गेम होता, तिच्या मते माणूस एकटा पडला की त्याच्या घरात धुकं येतं. यादीत असे चोवीस तयार मूड होते. ‘रम्य सकाळ’, ‘सण’, ‘वादळ’, ‘भुताटकी’. क्लिक केलं की उजेड, सावल्या, आभाळ सगळं आपोआप बदलायचं. गोरव्याच्या कारखान्यात चोवीस वर्षं व्हॉल्व्हची ड्रॉइंगं काढलेल्या माणसाला हे काम म्हणजे कामच वाटत नसे.

“काका, सीन परत आला.” भक्ती खुर्ची सरकवत त्यांच्याजवळ आली. ती टीमची प्रमुख, वय सव्वीस. सयाजीगंजातल्या त्या तिसऱ्या मजल्यावर तिच्याहून वयाने मोठे एकटे जयसिंगरावच. “तिसऱ्यांदा. कंपनीवाले म्हणतात, घरातला म्हातारा एकटा वाटत नाही, मेलेला वाटतो.”

“मग ‘भुताटकी’ लावून बघू? कदाचित एकटा वाटेल.”

“मजाक नको ने काका. आज सहाला तुमचे तीन महिने पुरे होतात. हा सीन पास नाही झाला तर शेठ तुम्हाला कायम नाही करणार. मी काहीच नाही करू शकणार, साचूं कहूं छूं, खरं सांगते.”

जयसिंगराव स्क्रीनकडे बघत राहिले. सीन साधा होता. गेम खेळणारा संध्याकाळी रस्त्यावरून चालत येतो, समोर घर दिसतं, आणि आत कोणीतरी वर्षानुवर्षं एकटं राहतंय हे त्याला लांबूनच समजायला हवं. इथून नोकरी गेली तर सोमवारी कुठे जायचं, हेही त्यांना लांबूनच समजत होतं. इथे निदान दिवसातून चाळीस वेळा कोणीतरी ‘काका’ म्हणायचं.

त्यांनी मूड पुसून टाकला. मग एकेका खोलीत शिरून दिवे लावायला सुरुवात केली. हॉलमध्ये ट्यूब. माडीवरच्या दोन्ही खोल्यांत पिवळा बल्ब. स्वयंपाकघरात लख्ख. संडासाच्या झरोक्यातसुद्धा. शेवटी हॉलच्या भिंतीवर टीव्हीचा हलता उजेड सोडला.

भक्ती परत आली ती कपाळाला हात लावूनच. “अरे बाप रे! हा तर ‘सण’ झाला!”

“‘सण’मध्ये तोरणं असतात. मी घेतली नाहीत.”

“लग्नघर वाटतंय काका! एकट्या माणसाला एवढे दिवे कशाला लागतात?”

“सकाळी निघतानाच लावून निघायचे,” जयसिंगराव माउसवरचा हात न काढता म्हणाले. “दुपारी काही कळत नाही. संध्याकाळी कोपऱ्यावरून वळलं, की घरात माणसं आहेत असं वाटतं.”

“किती वेळ?”

“कुलूप उघडेपर्यंत.”

भक्ती हसणार होती, ती हसली नाही. “आणि टीव्ही?”

“टीव्हीवर मालिका लावायची. बातम्या नाही. मालिकांमध्ये बायका भांडत असतात, जरा भरल्यासारखं वाटतं.”

खाली सेव-उसळवाल्याकडे कोणीतरी मोठ्याने रस्सा मागत होतं. भक्तीने माउस स्वतःकडे ओढला, घराच्या बंद दाराला बाहेरून एक कुलूप घातलं, आणि सीन पाठवून दिला.

पावणेसहाला उत्तर आलं. भक्तीने आधी मनातल्या मनात वाचलं. मग टेबलाला टेकून, एकेक ओळ मराठीत सांगत, मोठ्याने.

“‘अप्रतिम. आमच्या इथे सगळ्यांना फार आवडलं. खूप मोठं कुटुंब आहे, जेवायची वेळ झालीय, आत गलका चाललाय, असं वाटतं. दारावरचं कुलूप चुकून राहिलंय, ते काढून टाकलं. हा उजेड आम्ही ‘सुखी घर’ नावाने यादीत घालतोय, पुढच्या सगळ्या गेममध्ये वापरू. ज्यांनी केला त्यांना सोडू नका. ‘एकाकी’साठी मात्र निळं धुकंच राहू द्या.’”

शेठने केबिनमधूनच अंगठा दाखवला. पलीकडच्या रांगेतली पोरं टेबलं बडवत ओरडली, “काका, पार्टी! काका, पार्टी!” जयसिंगराव उठून उभे राहिले, सगळ्यांना नमस्कार केला आणि पुन्हा बसले.

भक्तीचा चेहरा उतरलेलाच होता. “त्यांना समजलंच नाही काका. उलटंच घेतलं. मी लिहिते त्यांना. ते कुलूप चुकून नव्हतं, घरात कोणीच नाहीये, म्हणून लिहिते.”

“नको, नको, भक्तीबेन,” जयसिंगराव एकदम घाबरून म्हणाले. “वासण्याला माझे शेजारीही तसंच समजतात.”