गादीतली सुई

जवळ सरका मायबाप, कारंजा गावची गोष्ट सांगतो. फय्याज कल्हईवाल्याची बायको हलिमा अंथरुणाला खिळली. माहेरी धनजला जायचा ध्यास होता, पण बैलगाडीचे हादरे सोसवेनात. म्हणून फय्याजनं भागचंदशेटची मोडकी मोटार मागून आणली, अंगणातच खोलली, सडलेल्या पत्र्याला रॉकेलच्या डब्यांची ठिगळं लावली. हलिमानं पडल्यापडल्या लुगड्यांत कापूस भरून मोटारीच्या बैठकीची गादी शिवली. शेवटचा टाका राखून सुई खोचली. “मोटार बोलली की घालीन. तवरक मले गेलेली नका समजू,” ती हसली. मोटार बोलायच्या आधीच हलिमा गेली. तिच्या मरणाच्या चाळिसाव्या दिवशी सकाळी इंजिन धडधडलं. मोटार पाहायला आलेले शेटजी गादीवर हात फिरवताना थांबले. “सुई राह्यली रे,” म्हणत उपसू लागले. “राहू द्या शेटजी,” फय्याज म्हणाला. “तिचं काम बाकी हाय.” रिकामी गादी शेजारी घेऊन तो धनजला निघाला, एकेक खड्डा चुकवत. हरिनाम घ्याल तेव्हा हलिमाचंही घ्या.