नात्यातली गाडी

जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात परीक्षक व्हायचं तर आधी रीतसर प्रशिक्षण घ्यावं लागतं, आणि आज तिची शेवटची चाचणी होती. तिच्या वाट्याला आलेल्या गाडीशेजारी छाती काढून उभे होते तिचे बाबा. त्यांच्या मनाविरुद्ध लग्न केलं म्हणून त्यांनी तिचं नाव टाकलं होतं, त्यानंतर आज पहिल्यांदाच दोघं समोरासमोर.

"मालकांशी काही नातं वगैरे?" प्रशिक्षक सरांनी नियमाप्रमाणे विचारलं. "नात्यातली गाडी आपण तपासत नाही."

ती हो म्हणणार, तेवढ्यात बाबाच तोऱ्यात म्हणाले, "कसलं नातं? या बाईंना मी ओळखतसुद्धा नाही."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. परीक्षकाने गाडीला हात लावायचा नसतो, म्हणून तिने मुठी पाठीमागे आवळल्या.

"ठीक आहे. मागच्या सीटपुढचं कार्पेट उचला," ती बाबांना म्हणाली.

"काही गरज नाही. कंपनीतून निघाली तशी आहे गाडी!"

"उचला म्हणते ना! खालचा पत्रा सडून भोक पडलंय आणि त्यावर शाळेच्या डब्याचं झाकण ठोकलंय. गुण कापणार मी."

बाबांचा चेहरा खर्रकन उतरला. त्यांनी कार्पेट उचललं. झाकणावरचं बदक अजून ओळखू येत होतं.

सर थक्क झाले. "न बघता कसं कळलं तुम्हाला?"

"मला काय विचारता?" ती कडाडली. "डबा कोणाचा होता, ते मालकांना विचारा."