उभी मीटिंग

सकाळी सात वाजता योगराजनं कपाटाच्या दारावरचा बायकोचा फोटो सरळ केला आणि सगळ्यांना उभं राहायला सांगितलं. धनश्री घरातून गेली त्याला आठवडा होत आला होता.

बमरोलीतल्या त्या खोलीत चौघंच होते. योगराज, त्याची आई प्रमिलाबाई, बहीण सोनाली आणि शेजारचे भाईदासकाका. फोटोखाली रंगीत चिठ्ठ्या होत्या, तीन रांगांत: करायचं, चालू, झालं. योगराज पलसाण्याच्या एका डाईंग मिलमध्ये सुपरवायझर. तिथं कुणा ट्रेनरनं ही पद्धत आणली आणि रखडणारा माल वेळेत निघू लागला.

"मिलमधी उभं राहायचा पगार तरी भेटतो," काका म्हणाले. "इथं चहाबी नाही."

"बसलं की गप्पा सुरू होतात, काका. काल काय केलं, आज काय करणार, कुठं अडलं. तेवढंच बोला."

काकांनी उधना स्टेशन पालथं घातलं होतं. फोटो दाखवला, डाव्या हाताला प्लास्टर आहे हेही सांगितलं. कुणी पाहिलं नव्हतं. सोनालीनं शिवणक्लासच्या बायकांना फोन केले होते.

"आता पोलिसात जाऊ ना, दादा," ती म्हणाली.

"ते कागद रंगवत बसतील. आपण रोज पुढं सरकतोय." योगराज वळला. "माय, तू?"

"कामरेज. स्टँड, दवाखाने, देऊळ, सगळीकडं विचारलं. आज परत जाते."

चिठ्ठी ज्याची त्यानं उचलायची, हा योगराजचाच नियम. कामरेजची चिठ्ठी प्रमिलाबाईंनी पहिल्या दिवसापासून सोडली नव्हती. गुडघे सुजले तरी बसनं जायच्या. परतल्यावर देव्हाऱ्यातल्या कानबाईपुढं हात जोडायच्या, पोरीला सांभाळ म्हणायच्या. अशी सासू मिळायला नशीब लागतं, असं शेजारणी म्हणत.

त्यांनी हात पुढं केला. पण चिठ्ठी योगराजनं आधीच काढली होती.

"आज तपासणी. मिलमध्ये ज्यानं कापड रंगवलं, त्यानंच ते पास करायचं नसतं. दुसऱ्या नजरेला डाग दिसतो. आज सगळ्यांच्या चिठ्ठ्या बदलायच्या."

"कामरेज माझ्या पायाखालचं झालंय रे."

"म्हणूनच."

त्याचा आवाज चढला नाही. निघताना त्यानं मोबाइलवर आईचा फोटो काढला.

"माझा कशाला?"

"तू कुठं कुठं गेलीस ते लोक दाखवतील. त्याच जागा परत नकोत." मग तो बहिणीकडं वळला. "तुम्ही दोघी आज जोडीनं. घरूनच फोन करा. मायला एकटं सोडू नको."

गाडी गल्लीबाहेर गेली तरी प्रमिलाबाई खिडकीतून हलल्या नाहीत.

"बस ना, माय," सोनाली म्हणाली. "दादा आज वहिनीला घेऊनच येतो बघ."

त्यांनी मान हलवली. चहा तसाच निवला. सोनाली नातेवाइकांचे नंबर फिरवत राहिली, आणि प्रत्येक फोननंतर प्रमिलाबाई घड्याळाकडं बघत राहिल्या. मधे दोनदा त्या दुकानात जाते म्हणून उठल्या. दोन्ही वेळा सोनालीनं चपला घातल्या.

शेवटी खाली नळाला पाणी आलं. बायकांचा गलका ऐकून सोनाली घागर घेऊन धावली.

प्रमिलाबाईंनी आतून कडी लावली आणि कामरेजला फोन लावला. रंभाबाई त्यांची माहेरची मैत्रीण. सासरी तिचं नावही कुणाला ठाऊक नव्हतं. बराच वेळ रिंग वाजली. मग कुणीतरी फोन उचलला.

"रंभा, धनाला मागच्या दारानं काढ," त्या कुजबुजल्या. "तो तिकडंच निघालाय. या वेळी जिवंत सोडायचा नाही तिला."

पलीकडून आवाज आला.

"माय," योगराज म्हणाला, "मागचं दार कुठंय?"