दोनशेवा गोल

योम किप्पूरचा, म्हणजे आम्हा ज्यूंच्या प्रायश्चित्ताच्या दिवसाचा, उपास लागायला तासभर उरला होता. त्याआधी दुखावलेल्या माणसाच्या दारी जाऊन क्षमा मागायची आमची रीत. दारात निसीमला पाहून निवृत्त स्ट्रायकर अव्नेरच्या कपाळावर आठी पडली. विरोधी फुटबॉल संघातून वर्षानुवर्षं त्याच्या तंगड्या तोडणारा हा बचावपटू मधाचा केक घेऊन उभा. “माझा गुडघा फोडलास, त्याची क्षमा?” “छे! ते माझं कामच होतं, राजा. तुझा दोनशेवा गोल... मी मुद्दाम घसरलो. तुझी आई आजारपणातून उठून बघायला आली होती रे.” अव्नेरने केक हातात घेतला. “क्षमा केली. पण खरं सांग, असे आणखी किती?” “माझा एवढाच. बाकीच्यांचं त्यांना ठाऊक!” निसीम मिठी मारून निघाला. तेवढ्यात एक जुना प्रतिस्पर्धी गोलरक्षक धापा टाकत जिना चढताना दिसला. “अव्नेर, दोनच शब्द बोलायचेत!” अव्नेरने झटकन कडी घातली.