घरटी एक चिठ्ठी

“चिठ्ठी नीट खिशात ठेवा हो. आणि वाटेत उघडायची नाही,” बायको उशीवरूनच म्हणाली.

“कशाला उघडू? काय मागितलंयस ते मला ठाऊक नाही का?” गादीवाल्यानं केसांतला कापूस झटकला. तो कधीच पुरता निघत नसे.

चर्चचा नियम होता, घरटी एकच चिठ्ठी. पूर्वी लोक पाच-पाच टाकत आणि दुपार कलायची. आता एका घरानं एकच मागणं मागायचं, तेही नाव न लिहिता. पाळक ते वाचत आणि सगळी मंडळी आमेन म्हणत. गादीवाल्याचं अक्षर म्हणजे कोंबडीनं पाय पुसावेत तसं, म्हणून चिठ्ठी बायकोच लिही.

रंगीत काचांतून ऊन बाकांवर उतरलं होतं. पाळकांनी वाचलं, “प्रभू, आमच्या घरातली बाई अंथरुणाला खिळली आहे. तिला तिच्या पायांवर उभी कर.”

“आमेन!” गादीवाला इतक्या मोठ्यानं म्हणाला की पुढच्या बाकावरची म्हातारी दचकली. नंतरच्या चिठ्ठ्या गादीवाल्याच्या कानांवरून कापसासारख्या तरंगत गेल्या.

घरी तिनं विचारलं, “काय काय मागितलं लोकांनी?”

“आपली वाचली. ठणठणीत होशील बघ.”

“आणि बाकीच्या?”

“त्या ऐकायला मी काय पाळक आहे?”

ती हसली. हसता हसता खोकली. “ऐकत जा हो कधीतरी.”

असे चौदा रविवार झोपेत गेल्यासारखे गेले. पंधराव्याच्या आदल्या दिवशी, भर दुपारी, ती गेली. तिचा हात हातात धरून तो बसून राहिला, भिंतीवरचं ऊन उतरून जाईपर्यंत.

आठवड्यानं तो पाळकांच्या खोलीत गेला.

“बाकांवरच्या गाद्या मी शिवल्यात, त्या राहू द्या. मी मात्र आता येणार नाही.”

“बसा तरी.”

“नको. चौदा रविवार अख्ख्या मंडळीनं एकच मागितलं, तिला उभी कर. त्याला ऐकू गेलं नाही. मग बोलायचं कुणाशी, भिंतीशी? भिंती घरीही आहेत.”

तेवढ्यात दार वाजलं. गावाच्या दुसऱ्या टोकाला राहणारा शिंपी आत आला. मागून त्याची बायको आली. वाळलेली, पण स्वतःच्या पायांनी.

“पाळकसाहेब, ही बघा, चालत आली! अंथरुणाला खिळली होती. चौदा रविवार आमची चिठ्ठी वाचलीत तुम्ही. आता दुसरं काहीतरी मागतो.”

गादीवाला तिच्या पायांकडे बघत राहिला. “ती चिठ्ठी... तुमची?”

“हो तर. आणि सगळ्यांत मोठं आमेन तुमचं, दादा. मी हिला घरी सांगायचो, परक्यासाठी इतकं पोटतिडकीनं कोण मागतं?”

गादीवाला खुर्ची ओढून बसला. “मग आमची कुठली?” त्यानं विचारलं.

पाळकांनी जपून ठेवलेल्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा त्याच्यापुढे ठेवला. “नावं मलाही ठाऊक नसतात. अक्षर ओळखा.”

तिचं अक्षर लगेच सापडलं. चौदा चिठ्ठ्या, चौदाहींवर शब्द न शब्द तोच: “प्रभू, माझ्यावाचून राहायला ते शिकतील. तुझ्यावाचून मात्र त्यांना राहू देऊ नकोस.”