हेस्टरची खिडकी

आमच्या यॉर्कशायरात माणसाने प्राण सोडताच खिडकी उघडतात, आत्म्याला वाट मिळावी म्हणून. हेस्टर गेली तेव्हा तिच्या कवी नवऱ्याने ती कोणाला उघडू दिली नाही. “बाहेर बर्फ पडतोय, गारठेल ती,” म्हणाला. वसंतात धाकटी मेहुणी टॅबिथा आली, तर हा त्याच खोलीत कविता लिहीत बसलेला. “ऐक, हेस्टर काच वाजवतेय. तिला आत यायचंय. बघ, अंगठीने ओरखडेही काढलेत.” “कवितेत रोज ‘ये, ये’ करता भावोजी, मग खिडकी का उघडत नाही?” “भीती वाटते गं.” टॅबिथाने काचेवरून बोट फिरवलं आणि तिचा चेहरा उतरला. “भावोजी, हे ओरखडे आतल्या बाजूने आहेत.” त्याने कडी काढली. वारा आत घुसला. पडदा मात्र बाहेर झेपावला. टकटक थांबली. रिकाम्या माळाकडे बघत तो पुटपुटला, “शाल तरी घ्यायचीस.”