ऐनवेळचं वाक्य

सोलापुरातल्या विडी कामगारांच्या वस्तीत चाळीस वर्षं मुलींची नाटकं बसवणाऱ्या हेमलताबाईंचा सत्कार होता. शाल-नारळ झाला आणि पडद्यावर त्यांच्या सगळ्यात गाजलेल्या नाटकाचं जुनं चित्रीकरण लागलं. बालविवाहावरचं नाटक, लिहिलेलंही त्यांनीच.

चौदा वर्षांची नागमणी हात जोडून कळवळत होती, "बाई, मला घरी पाठवू नका ओ! उद्याच माझं लगीन लावणार हायत."

हे वाक्य तिनं ऐनवेळी मनानंच घातलं होतं. सगळं सभागृह रडलं होतं. नाटकात असं जीव ओतून बोलावं, म्हणून बाई आजही प्रत्येक नव्या मुलीला तिचंच उदाहरण देत. अभिनयाचं पदक तिलाच मिळालं, पण ते घ्यायला ती आलीच नाही. "गावाकडं धाडली," एवढंच तिची आई म्हणाली. पदक बाईंच्या कपाटातच राहिलं.

"काय काम केलंय ओ पोरीनं!" शेजारी बसलेली दिपाली डोळे पुसत म्हणाली. बाईंच्या नव्या नाटकात तीच नायिका होती. "पण ह्यात शाळेच्या बाईंचं काम कुणी केलतं? त्या कुटं दिसतच न्हाईत की."

हेमलताबाईंनी पुन्हा पडद्याकडे पाहिलं. नागमणी प्रेक्षकांकडे बघतच नव्हती. ती विंगेकडे बघत होती.



नाटकात बाईंचं पात्रच नव्हतं. बाई विंगेत उभ्या होत्या, सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवत.